दस्तऐवज उघडण्याचा हक्क: मुक्त संगणकप्रणालीवर पीडीएफ कशी वाचली जाऊ लागली?

१/ शेताचा सात-बारा, विद्यापीठाची गुणपत्रिका, मंत्रालयाचा शासन निर्णय, एखाद्या दुर्मीळ ग्रंथाची स्कॅन केलेली प्रत. यांतील बहुतेक कागद आज पीडीएफच्या रूपाने हाती येतात. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर अशा फाइलवर दोनदा टिचकी मारली की क्षणार्धात पान समोर उभे राहते. त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत की कुणाची परवानगी काढावी लागत नाही. ही सोय आपोआप मिळालेली नाही. ती कुणी व कशी मिळवली, आणि मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत ती अजूनही अर्धवट का आहे, याचा हा धागा.

२/ कथेची सुरुवात एका प्रिंटरपासून होते. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून ठेवला होता. कागद अडकला की संबंधितांच्या पडद्यावर सूचना येई. नव्या प्रिंटरचा मूळ स्रोत मात्र उपलब्ध नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो असल्याचे कळल्यावर स्टॉलमन यांनी मागणी केली. गुप्ततेचे वचन दिले असल्याचे सांगून ती नाकारण्यात आली. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली, त्यामागच्या कारणांत या अनुभवाचा उल्लेख ते पुढे नेहमी करीत राहिले.

३/ त्याच सुमारास झेरॉक्सच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात दुसरी एक घडामोड चालू होती. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे छपाईच्या पानाचे वर्णन करणारी ‘इंटरप्रेस’ नावाची भाषा तयार करण्यात गुंतले होते. ती जगापुढे मांडण्यास कंपनी राजी होईना. डिसेंबर १९८२ मध्ये दोघांनी बाहेर पडून ‘अ‍ॅडोबी’ची स्थापना केली आणि १९८४ मध्ये ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही नवी भाषा आणली. १९८५ मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर हा प्रिंटर बाजारात आला. त्यात पोस्टस्क्रिप्ट बसवलेली होती. किंमत जवळजवळ ७ हजार डॉलर, आणि आत दीड मेगाबाइट स्मृती. ज्या मॅकिंटॉश संगणकाला तो जोडायचा, त्याच्यापेक्षा प्रिंटरच अधिक बलवान होता.

४/ प्रिंटरला एवढी बुद्धी कशासाठी? कारण पोस्टस्क्रिप्टमध्ये पानाचे चित्र पाठवले जात नाही, तर पान काढण्याची कृती पाठवली जाते. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा ओढ, हा फॉन्ट घे, हे अक्षर या जागी उमटव’ अशा आज्ञांचा तो एक प्रोग्रामच असतो. प्रिंटर तो प्रोग्राम चालवतो आणि मग पान साकारते. म्हणून एकच फाइल ३०० ठिपक्यांच्या कार्यालयीन प्रिंटरवरही छापता येते आणि छापखान्यातील अतिसूक्ष्म यंत्रावरही. प्रत्येक यंत्र आपापल्या कुवतीप्रमाणे तीच कृती पार पाडते.

५/ अ‍ॅडोबीने या भाषेचे व्याकरण लपवले नाही. भाषेची संदर्भपुस्तिका १९८५ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कंपनीचे उत्पन्न दुसरीकडून येई. भाषेचा अर्थ लावणारा प्रोग्राम, म्हणजे दुभाषी, प्रिंटर बनवणाऱ्यांना परवाना शुल्क घेऊन दिला जाई. शिवाय उत्तम प्रतीच्या फॉन्टची ‘टाइप १’ ही रचना गुप्त ठेवलेली होती. तरीही व्याकरण उघड असल्याचा एक परिणाम अटळ होता. पुस्तिका हाती असलेला कोणीही कुशल माणूस स्वतःचा दुभाषी लिहू शकत होता.

६/ ते काम एल. पीटर डॉइच यांनी केले. डॉइच हेही पालो आल्टोच्या त्याच केंद्रात अनेक वर्षे काम केलेले. शाळकरी वयातच त्यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी लिस्प भाषा लिहून दाखवली होती. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी ‘घोस्टस्क्रिप्ट’ प्रसिद्ध केले. ते जीएनयू प्रकल्पाचा भाग म्हणून मुक्त परवान्याखाली दिले गेले. लिनक्सचा जन्म व्हायला अजून ३ वर्षे होती. तरी मुक्त प्रणालीवर दस्तऐवज वाचण्याचा पाया येथे घातला गेला. घोस्टस्क्रिप्टमुळे पोस्टस्क्रिप्ट न समजणाऱ्या स्वस्त प्रिंटरवरही ती पाने छापता येऊ लागली, आणि पडद्यावर पाहताही येऊ लागली.

७/ अडचण फॉन्टची होती. कृती समजली तरी सामग्री हवीच. टाइप १ ची रचना गुप्त असल्याने नव्या दुभाष्याला अ‍ॅडोबीसारखी अक्षरे काढता येत नसत. ही कोंडी फुटली ती व्यापारी चढाओढीतून. सप्टेंबर १९८९ मध्ये अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन ‘ट्रूटाइप’ ही प्रतिस्पर्धी रचना जाहीर केली. मग अ‍ॅडोबीने मार्च १९९० मध्ये टाइप १ चे तपशील खुले केले. पुढे १९९६ मध्ये हॅम्बुर्गच्या ‘यूआरडब्ल्यू’ या अक्षरसंस्थेने पोस्टस्क्रिप्टच्या ३५ मूलभूत फॉन्टशी मापाने जुळणारा संच मुक्त परवान्यावर दिला. टाइम्सच्या जागी निंबस रोमन, हेल्व्हेटिकाच्या जागी निंबस सॅन्स. लिनक्सवर उघडलेल्या कित्येक जुन्या फाइलींत आजही हीच अक्षरे उभी राहतात.

८/ घोस्टस्क्रिप्ट हे इंजिन होते. त्याला खिडकी हवी होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात टिम थायसेन यांनी १९९२ मध्ये ‘घोस्टव्ह्यू’ लिहून ती दिली. पान पुढे-मागे करणे, मोठे करून पाहणे, निवडक पाने छापणे हे त्यात जमू लागले. यात एक मेख होती. पोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम असल्याने ५० वे पान पाहायचे तर आधीचे सारे चालवावे लागू शकते. त्यावर उपाय म्हणून पानांच्या सीमा दाखवणाऱ्या ठरावीक टिपा फाइलीत घालण्याचा संकेत होता. संकेत पाळला असेल तर घोस्टव्ह्यू थेट हव्या त्या पानावर जाई. नसेल तर पहिल्यापासून क्रमाने बसावे लागे. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या संशोधकांच्या एका पिढीने आपले शोधनिबंध याच खिडकीतून वाचले.

९/ मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने पोट कसे भरावे, हा प्रश्नही येथेच उभा राहिला. डॉइच यांनी मधला मार्ग काढला. घोस्टस्क्रिप्टची ताजी आवृत्ती बिगरव्यापारी वापरापुरत्या मोकळ्या अशा परवान्याखाली निघे. प्रिंटर कंपन्यांना शुल्क भरून वेगळा परवाना घ्यावा लागे. आणि काही काळाने तीच आवृत्ती जीएनयूच्या परवान्याखाली पूर्ण मुक्त होई. मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना त्यामुळे एक पाऊल मागे राहावे लागले. २००६ मध्ये ताजी आवृत्तीही थेट मुक्त परवान्याखाली येऊ लागली आणि हे अंतर मिटले.

१०/ दरम्यान १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ या नावाने एक टिपण लिहिले. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही प्रणालीवर दस्तऐवज जसाच्या तसा पाहता व छापता यावा, ही त्यातील कल्पना. तिचेच फलित म्हणजे जून १९९३ मध्ये आलेली पीडीएफ. पोस्टस्क्रिप्टची चित्र काढण्याची ताकद तिने घेतली, पण प्रोग्राम म्हणून चालण्याची मुभा काढून टाकली. पाने स्वतंत्र झाली. ५० वे पान पाहण्यासाठी आधीची ४९ चालवण्याची गरज उरली नाही. फॉन्टही फाइलीच्या पोटात ठेवता येऊ लागले.

११/ पीडीएफ उघडली जाते ती रीत मोठी रंजक आहे. फाइलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह, त्यापुढे पीडीएफ ही तीन अक्षरे आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. एवढी ओळख पटली की वाचक-प्रोग्राम थेट शेवटाकडे धाव घेतो. तेथे एक आकडा असतो. तो आकडा एका सूचीचा पत्ता सांगतो. ती सूची सांगते की फाइलीतील अमुक घटक आरंभापासून अमुक अंतरावर आहे. त्या सूचीवरून पानांचा वृक्ष, पानावरून मजकुराचा प्रवाह, प्रवाहावरून फॉन्ट आणि चित्रे अशी वाटचाल होते. ग्रंथाची सूची शेवटी असावी आणि वाचकाने तिथूनच आत शिरावे, तसे हे आहे. शेवटचा तुकडा गळालेली, अर्धवट उतरवलेली पीडीएफ उघडताना अडते ती म्हणूनच.

१२/ अ‍ॅडोबीचा वाचक-प्रोग्राम सुरुवातीला विकत घ्यावा लागे. लवकरच तो मोफत झाला. मोफत म्हणजे मुक्त नव्हे. तो कोणत्या प्रणालीसाठी काढायचा, कधी बंद करायचा, त्यात काय चालेल आणि काय नाही, हे सर्व कंपनी ठरवणार. मात्र पीडीएफचे तपशीलही अ‍ॅडोबीने पहिल्यापासून प्रसिद्ध केले होते. त्यांच्या आधारे डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘एक्सपीडीएफ’ लिहिले आणि जीएनयूच्या परवान्याखाली खुले केले. दिसायला साधे, पण चपळ. लिनक्सवर पीडीएफ वाचण्याची पुढची बहुतेक परंपरा या एका माणसाच्या कामावर उभी राहिली.

१३/ वाचक-प्रोग्राम नेमका कुणाच्या बाजूचा, हा वाद याच काळातला. पीडीएफ तयार करणारा तिच्यात काही निर्बंध लिहू शकतो: छापू नये, मजकूर उचलू नये, बदल करू नये. फाइल उघडण्यास संकेतशब्द लागत नसेल तर हे निर्बंध म्हणजे दारावरची पाटी असते, कुलूप नव्हे. पाटी पाळायची की नाही ते वाचक-प्रोग्राम ठरवतो. तपशीलपत्रिका म्हणते की पाळावी. एक्सपीडीएफ ती पाळत असे. पण स्रोत खुला असल्याने ती तपासणी काढून टाकणे कुणालाही शक्य होते, आणि अनेकांनी ती काढली. पुढे आलेल्या ‘ओक्युलर’मध्ये तर हे निर्बंध पाळायचे की नाहीत, याचा पर्यायच वापरकर्त्यापुढे ठेवलेला आहे.

१४/ हा वाद केवळ तात्त्विक राहिला नाही. जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव हा २६ वर्षांचा रशियन संशोधक लास व्हेगास येथील परिषदेत ई-पुस्तकांच्या संरक्षणातील त्रुटींवर व्याख्यान देऊन परत निघाला असता त्याला अटक झाली. अ‍ॅडोबीच्या संरक्षित ई-पुस्तकांचे साध्या पीडीएफमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम त्याने आपल्या कंपनीसाठी लिहिला होता. रशियात ते काम कायदेशीर होते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार गुन्हा. निदर्शने झाली, काही दिवसांतच अ‍ॅडोबीने खटल्याला असलेला पाठिंबा काढून घेतला, तरी सरकारने खटला चालू ठेवला. स्क्ल्यारोवला वर्षअखेरीस मायदेशी जाता आले. डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने त्याच्या कंपनीलाही निर्दोष ठरवले. विकत घेतलेले पुस्तक आपल्या पसंतीच्या प्रणालीवर वाचण्याची किंमत काय असू शकते, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने त्या उन्हाळ्यात पाहिले.

१५/ एक्सपीडीएफचे यश हीच पुढे अडचण ठरली. त्याचा स्रोत जो तो उचलून आपल्या प्रोग्राममध्ये घालू लागला: जीनोमचा जीपीडीएफ, केडीईचा केपीडीएफ, छपाई सांभाळणारी कप्स, टेक्‌चा संच. २००४ च्या अखेरीस एक्सपीडीएफमध्ये सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या. मुद्दाम रचलेली पीडीएफ उघडताच संगणकावर ताबा मिळवता येईल अशा. मग तीच दुरुस्ती प्रत्येक प्रतीत वेगवेगळी करावी लागली. २००५ मध्ये रेड हॅटचे क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी एक्सपीडीएफच्या गाभ्यातून ‘पॉपलर’ हे सामाईक ग्रंथालय वेगळे काढले. ‘फ्युचरामा’ या व्यंगचित्र मालिकेतील एका भागावरून हे नाव घेतलेले आहे. आता सर्वांनी एकाच पॉपलरवर विसंबायचे. एक दुरुस्ती झाली की ती सर्वांना लाभायची.

१६/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीनोमच्या २.१२ या आवृत्तीसोबत ‘एव्हिन्स’ आले. पोस्टस्क्रिप्टसाठी एक खिडकी आणि पीडीएफसाठी दुसरी, हा प्रकार संपला. केडीईकडून २००८ मध्ये ओक्युलर आले. दस्तऐवज कोणत्या प्रकारचा आहे, याची चिंता वाचकाने करू नये, हे दोन्हींचे सूत्र. टिचकी मारताच प्रणाली फाइलीचे नाव व तिच्या आरंभीच्या खुणा तपासते, प्रकार ओळखते आणि त्या प्रकारासाठी नेमलेल्या प्रोग्रामला हाक मारते. हा नेमलेला प्रोग्राम बदलण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे असतो. २०२२ मध्ये ओक्युलरला जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणमानांकन मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिलेच सॉफ्टवेअर होते.

१७/ मराठीच्या अभ्यासकांशी याचा थेट संबंध आला तो स्कॅन केलेल्या ग्रंथांमुळे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमात असंख्य जुनी मराठी पुस्तके पानागणिक टिफ चित्रांच्या रूपात ठेवली गेली. एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात जन्मलेली ‘डेजाव्हू’ ही रचना अशा पुस्तकांसाठी फार सोयीची ठरली. ती अक्षरांचा काळा थर आणि कागदाची पिवळसर पार्श्वभूमी वेगळी काढून स्वतंत्रपणे आकुंचित करते, त्यामुळे शेकडो पानांचा ग्रंथ लहानशा फाइलीत मावतो. टिफ, डेजाव्हू आणि पीडीएफ या तिन्ही रचना एव्हिन्स आणि ओक्युलर एकाच खिडकीत दाखवीत.

१८/ जुलै २००८ मध्ये पीडीएफ ही आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे मानक झाली; क्रमांक ३२०००. मानक अमलात आणण्यासाठी लागणारी आपली पेटंटे अ‍ॅडोबीने विनाशुल्क वापरू दिली. एका कंपनीची रचना आता सर्वांची झाली. हे किती मोलाचे होते ते लवकरच दिसले. अ‍ॅडोबीने लिनक्ससाठीच्या आपल्या वाचकाची शेवटची आवृत्ती २०१३ मध्ये काढली आणि मग तो मार्ग बंद केला. लिनक्स वापरणाऱ्यांचे फारसे अडले नाही. पॉपलर होते, आणि त्याच वर्षी फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवणारी मोझिलाची मुक्त यंत्रणाही अंगभूत झाली होती.

१९/ अडले ते एका ठिकाणी. पीडीएफच्या आवरणात ‘एक्सएफए’ नावाची अर्जांची वेगळीच रचना भरता येत असे. असा अर्ज मुक्त वाचकात उघडला की पानावर एवढीच सूचना दिसे: कृपया थांबा, हा संदेश बदलला नाही तर आपला वाचक हा दस्तऐवज दाखवू शकत नाही. भारतात केंद्रीय कंपनी कामकाज मंत्रालयाच्या ई-अर्जांसाठी कित्येक वर्षे अ‍ॅडोबीचाच वाचक लागत असे. ई-प्रशासनात खुली, स्वामित्वशुल्कविरहित मानके वापरावीत असे धोरण केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले होते, तरीही. नाव पीडीएफचे, पण आतला मजकूर एका कंपनीच्या ओंजळीत. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकाने एक्सएफए कालबाह्य ठरवली.

२०/ येथवरची कथा जिंकल्याची आहे. मराठीकडे वळले की चित्र बदलते. लिनक्सवर मराठी पीडीएफ उघडते, पान सुबक दिसते. पण त्यातील एखादा शब्द शोधावा तर सापडत नाही; परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवावा तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. याचे मूळ १९९० च्या दशकात आहे. त्या काळी मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालींनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम, तसेच शिवाजी किंवा किरण यांसारखे फॉन्ट. प्रत्येकाची वाटणी वेगळी. संगणकाच्या लेखी तेथे मराठी मजकूर कधी नव्हताच. होती ती रोमन अक्षरे, मराठी मुखवटा चढवलेली.

२१/ युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. ती भारतीय मानक ‘इस्की’च्या धर्तीवर रचली गेली. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर उमटत नाही. ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो व मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘सूर्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. जोडाक्षरांसाठी वेगळे आकार निवडावे लागतात. मुक्त प्रणालीवर हे काम आधी पँगो आणि मग ‘हार्फबझ’ या ग्रंथालयाने सांभाळले. हार्फबझचे कर्ते बेहदाद इस्फाहबूद हे इराणी. नाव फारसीतले, अर्थ ‘खुले अक्षर’. मराठी, फारसी आणि अरबी यांची गुंतागुंत सोडवणारे हे साधन आज फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइडमध्येही आहे.

२२/ मग युनिकोडमध्ये लिहिलेली पीडीएफ तरी निर्दोष असावी ना? येथे पीडीएफचा मूळ स्वभाव आडवा येतो. ती अक्षरे साठवत नाही, आकार आणि त्यांच्या जागा साठवते. वेलांटी पानावर आधी काढली म्हणून फाइलीतही ती आधी पडते. ‘विचार’ उचलला तर ‘िवचार’ बाहेर येतो. आकारावरून अक्षर ओळखण्यासाठी फाइलीत एक तक्ता ठेवता येतो, आणि मूळ मजकूर सोबत जोडण्याची तरतूदही मानकात आहे. पण फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रामने ते काम केले तरच. पॉपलर कितीही निपुण असले तरी जे फाइलीत ठेवलेलेच नाही, ते ते कोठून आणणार?

२३/ दीर्घकाळ जतन करायच्या दस्तऐवजांसाठी २००५ मध्ये ‘पीडीएफ/ए’ हे मानक आले. फॉन्ट फाइलीतच हवेत आणि कुलूप नको, या त्याच्या अटी. त्याच्या दोन पातळ्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ‘बी’ पातळीवर पान दिसायला तसेच राहील, एवढीच हमी. ‘ए’ पातळीवर प्रत्येक आकाराचे युनिकोड अक्षर कळलेच पाहिजे. इंग्रजी दस्तऐवजात या दोहोंतील अंतर फारसे जाणवत नाही. मराठीत तेच अंतर दस्तऐवज दिसणे आणि दस्तऐवज वाचता येणे यांतील असते. अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रणेला नुसते दिसण्याचा काडीचा उपयोग नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हजारो शासन निर्णयांत एखाद्या गावाचे नाव शोधायचे असेल तर त्यालाही नाही.

२४/ सध्याचा उपाय काहीसा विचित्र आहे. संगणकावरच जन्मलेल्या मराठी पीडीएफचे पुन्हा चित्र करायचे आणि त्या चित्रावरून अक्षरे ओळखायची. त्यासाठी मुक्त जगात ‘टेसरॅक्ट’ आहे. १९८० च्या दशकात ह्यूलेट पॅकार्डमध्ये सुरू झालेले हे साधन २००५ मध्ये खुले झाले आणि ते मराठीही वाचते. पण चुका होतात, आणि प्रत्येक चूक पुढच्या अभ्यासात उतरते. ज्या मजकुराची कळफलकावर एकदा जुळणी झाली होती, तोच छापील कागदासारखा पुन्हा नव्याने वाचून काढावा लागतो.

२५/ पुण्यातील पेशवे दफ्तराचे रुमाल ब्रिटिश काळात कित्येक दशके जवळजवळ बंद होते. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतर त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. रुमाल सोडणे हा त्या कामाचा आरंभ होता. खरे श्रम मोडी वाचणाऱ्यांचे होते. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण मोडी जाणणारे दिवसेंदिवस विरळ होत गेले आणि उघडलेले कागदही पुष्कळांना अबोल राहिले. डॉइच, नूनबर्ग, हॉग्सबर्ग आणि त्यांच्या असंख्य सहकाऱ्यांनी डिजिटल रुमालाची गाठ सर्वांसाठी सोडवून ठेवली आहे. आतला मराठी कागद पुढच्या पिढीला वाचता येईल की नाही, हे तो आज तयार करणाऱ्या कचेऱ्या, प्रकाशक आणि विद्यापीठे यांच्या हाती आहे. युनिकोडमध्ये लिहिणे आणि मजकुरासह जतन करणे, एवढेच त्यांना करायचे आहे. त्याला लागणारी साधने मुक्त आहेत आणि कधीच तयार झालेली आहेत.